पाळी जाईपर्यंत थांबत नाही हे दुखणं
एका लेखात वाचलं की हाडं ठिसूळ होणं हे पाळी गेल्यानंतरचं दुखणं. सरसकट तसं नाही हो. माझ्या धाकट्या बहिणीला २९व्या वर्षी आमवात निघाला, रुमॅटॉइडवाला. सकाळी तासभर बोटं वळायची नाहीत, कुकरचं झाकण मी लावून द्यायचे. ३ वर्षांनी बाथरूममध्ये नुसती घसरली तर मनगट मोडलं. सगळ्यांचं एकच, ‘दूध पीत नसेल!’ रोज पेलाभर पिते ती. या आजारातली सूज सांध्यापुरती राहत नाही. हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवते, नवं हाड घडवणाऱ्यांना मागे ओढते. त्यात उपचाराला दिलेलं स्टिरॉइड, तेही हाड झिजवतं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त, ३ महिने वा पुढे चालणार असेल, तर हाडांचा धोका तेव्हाच तपासायला हवा. तिच्या वेळी कुणी विषयच काढला नाही. आणि हो, पाळी चालू असलेल्या बाईच्या डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, झेड-स्कोअर (तिच्याच वयाच्या बायकांशी तुलना) बघतात, टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) नव्हे. आमच्या रिपोर्टवर टीखालीच लाल रेघ! गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. सूज मोकाट सुटली तर हाड आणखी झिजतं, आणि स्टिरॉइड एकदम तोडणं वेगळंच महागात पडतं.