घड्याळ बदलायचंय? आधी पितृपक्ष संपू द्या

तर तुमच्या मनगटावरचं स्मार्टवॉच साडेतीन वर्षांचं झालंय, मस्त चालतंय, वेळ बरोबर दाखवतंय, आणि नेमका हाच तुमचा प्रॉब्लेम आहे. चालू वस्तू बदलायला कारण लागतं. आपल्या घरांत तर फारच लागतं, कारण तुम्ही पंधरा दिवस रात्री जागून रिव्ह्यूचे व्हिडिओ बघितलेले असतात आणि आई मेथी निवडता निवडता, मान वर पण न करता, एवढंच विचारते की "आधीचं बिघडलं का रे?" संपला विषय.

म्हणून पहिलं काम, खोट काढायची. नको असलेलं स्थळ पत्रिका जुळत नाही म्हणून परत पाठवतात ना, तसं इथे बॅटरी. "हल्ली बॅटरी टिकतच नाही" हे दिवसातून तीनदा, स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचं. ती आधी तरी कुठे टिकत होती, हा विचार मनात आणायचा नाही. पहिलं ॲपल वॉच २०१५ ला आलं तेव्हा कंपनी १८ तास म्हणत होती, २०२४ च्या सिरीज १० लाही १८च, मधे चिपा बदलल्या, स्क्रीन मोठी झाली, ईसीजी आला, तास आपले १८. मग २०२५ ला सिरीज ११ मध्ये २४ झाले, आणि त्या २४ च्या हिशेबात तुमची ६ तासांची झोपसुद्धा धरलीय. म्हणजे जास्तीच्या ६ तासांत तुम्ही घोरत पडायचं आणि घड्याळाने ते मोजायचं. घ्यायलाच पाहिजे.

आमचे बाबा अजून रोज सकाळी एचएमटीला चावी देतात. चहा गाळून होईपर्यंत ते बारीक बोंडूक चिमटीत धरून फिरवत बसायचं, घट्ट लागलं की थांबायचं आणि मग एकदा कानाला लावून बघायचं. लहानपणी मला फार हसू यायचं, रोज काय चावी द्यायची, सेलवालं घ्या की, दोन-दोन वर्षं बघायला नको. आता मी रोज रात्री माझं घड्याळ चार्जरवर ठेवतो, आणि त्या चुंबकावर ते जरा तिरकं बसलं की सकाळी ४ टक्के. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा धंदा गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा बाबांच्या घड्याळाला आता अपडेट येणार नाही हे नक्की, फक्त घड्याळाला ते अजून कोणी कळवलेलं नाही.

बॅटरीवर घरचे पटले नाहीत तर तब्येत काढा. तब्येतीवर चाललेल्या पैशाला कोणी नाही म्हणत नाही. रोज १०,००० पावलं, डॉक्टरी आकडा वाटतो की नाही? तो आला जपानमधून, टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, नाव मानपो-केई, म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, नावात छान बसला, झालं. हे घरी सांगू नका. आणि नव्या घड्याळात पावलं जास्त अचूक मोजली जातात असं ठोकून द्या, कारण जुन्याचं मला माहितीय, गेल्या गणपतीत मी एका जागी उभा राहून पाच आरत्या टाळ वाजवले तर त्याने मला ६४० पावलं दिली, आणि दुसऱ्या दिवशी मंडईतून दोन्ही हातात पिशव्या घेऊन घरी आलो तर खात्यात फार काही जमा नाही. बाप्पाने बघितलं असेल, घड्याळाने नाही.

आता मुहूर्त. हे मात्र त्या कॅलिफोर्नियाच्या ॲपलवाल्यांना कोणीतरी सांगायला हवं. २०२५ ला नवीन घड्याळ ९ सप्टेंबरला जाहीर झालं, १९ ला दुकानात आलं, आणि पितृपक्ष ८ ते २१. आदल्या वर्षी २० सप्टेंबरला आलं, तेव्हाही पितृपक्षच. म्हणजे पहिल्या दिवशी मुंबईत बीकेसीच्या ॲपलच्या दुकानाबाहेर रांगेत उभं राहायचं की पितरांचा मान राखायचा? आमच्याकडचा तोडगा असा की ऑर्डर आत्ता टाकायची, पार्सल ऑफिसला मागवायचं आणि खोका घटस्थापनेला फोडायचा. पितरांना ट्रॅकिंग नंबर दिसत नाही.

पैशाचं काय, तर नो कॉस्ट ईएमआय आहेच. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलंय, पण तुम्ही कुठे बँक आहात. व्याज लागतं, तेवढीच सूट किमतीत दाखवतात, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी नि प्रोसेसिंग फी गुपचूप तुमच्या कार्डावर येऊन बसते. कॉस्ट नाही, चार्जेस आहेत, मराठीत दोन्हीला पैसेच म्हणतात.

जुन्याचं एक्स्चेंज करणार असाल तर छाती घट्ट ठेवा. माझ्या घड्याळाला ॲपने १,१०० दाखवले, मग न्यायला आलेल्या मुलाने काचेवर मोबाईलचा टॉर्च मारला, डोळे बारीक केले, केसाएवढा ओरखडा शोधला आणि म्हणाला "साडेसातशे होतील सर." वाईट वाटून घेऊ नका. २०१५ ला १०,००० डॉलरपासून पुढे १८ कॅरेट सोन्याचं ॲपल वॉच मिळत होतं, २०१८ च्या नव्या सॉफ्टवेअरमधून तेही बाहेर. घेणाऱ्यांना निदान सोनार तरी होता.

मी दिलंच नाही मग. बाबांना दिलं, आणि घरी सांगितलं की खरं तर बाबांच्या हार्टसाठीच सगळं चाललंय, मी आपलं नवीन घेतोय कारण हे त्यांच्याकडे गेलं. ही युक्ती फुकट देतोय, वापरा. त्यांनी ते उजव्या मनगटावर बांधलं, डावीकडे एचएमटी आहेच. परवा जेवून आरामखुर्चीत टेकले तर उजवं मनगट थरथरलं.

"कोण बोलावतंय रे?"

"बाबा, ते उभं राहा म्हणतंय."

उठले बिचारे, डावीकडे एचएमटीत बघितलं, "आत्ता? दीड वाजता?" म्हणाले आणि परत बसले.