कुलूपबंद दिलगिरी

पासवर्ड चुकलेल्या माणसाशीही सभ्यपणे बोलावं, असं मला परवा वाटलं. तिथेच घोडं पेंड खायला लागलं. साइटवरच्या एका फोल्डरला पासवर्ड लावला होता; ज्याला तो येत नाही त्याला सर्व्हर '४०१' हा एरर-क्रमांक देऊन परतवतो. त्याच्यासाठी ४०१ चं देखणं पान केलं. गोड मजकूर, खाली ओशाळलेलं मांजर. डॉट-एचटी-अॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, कुठल्या एररला कुठलं पान दाखवायचं ते सांगणारी 'एररडॉक्युमेंट'ची एक ओळ टाकली की झालं.

तीन तास झाले. मांजराचा पत्ता नाही. सर्व्हरचा तोच रुक्ष मजकूर, वर टीप : एररचं पान दाखवायला गेलो, तिथेही ४०१ आला.

मागे अकाउंट्सचे काका माझ्या चार्जरला स्वतःचा फोन लावून उभे.

"पासवर्ड चुकला तर आत जाता येतं का?"

"नाही."

"मग चालतंय की!"

"अहो काका, पान दिसत नाहीये."

"कुठलं?"

"आत जाता येणार नाही, हे सांगणारं."

"ते कळलंच की त्याला. गेला कुठे तो आत?"

मी गप्प. काकांनी खुर्ची ओढली.

"ठेवलंय कुठे ते पान?"

"त्याच फोल्डरमध्ये."

"म्हणजे कुलपाच्या आत?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "'किल्ली शेजारी दिलीय' ही चिठ्ठी घरात ठेवून दार ओढून घेतलंत की हो!"

ज्या माणसाला प्रिंटर बंद करून चालू करण्यापलीकडे काही येत नाही, त्याने हे बोलावं! आणि बरोबर बोलावं!

खरं तर ४०१ चं नावच चुकलंय. 'अनऑथराइज्ड' म्हणे. अर्थ एवढाच, की तुम्ही कोण ते पटलं नाही. परवानगी नसेल तर ४०३ आहे. १९९६ पासून हे कागदोपत्री असंच चाललंय. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मागे कुणी काका उभे नव्हते.

मधे मी त्या ओळीत पानाचा 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण पत्ताही देऊन पाहिला होता. ४०१ ला तो चालत नाही. पूर्ण पत्ता दिला की ब्राउझर दुसरीकडे वळतो, आणि मग पासवर्ड विचारायचा हे त्याला कळणारच नाही. लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, सर्व्हरने हे स्वच्छ लिहिलं होतं, शेवटी 'इग्नोरिंग' आणि पुढे उद्गारचिन्ह. लॉग मी उघडलाच नव्हता.

पान बाहेर काढलं. दिसलं. मांजराच्या जागी मात्र फुटका चौकोन. मांजर अजून आतच.

तेही काढलं. मग कळलं, पासवर्ड चुकला की ब्राउझर पुन्हा तीच पासवर्डची चौकट पुढे करतो. पान दिसतं ते कॅन्सल दाबणाऱ्यालाच. आजवर दोघांनी पाहिलंय. एक मी. दुसरे काका, तेही मागे उभं राहून, मला कॅन्सल दाबायला लावून.