हजार घड्यांची तलवार आणि पंधरा घड्यांचा हिशेब

गेल्या आठवड्यात एकच मजकूर तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. वर चकचकीत कतानाचा, म्हणजे जपानी तलवारीचा, फोटो आणि खाली दावे. हे जगातलं सर्वोत्तम पोलाद. पातं एकाच लोहाराने हजार वेळा घडी घालून घडवलेलं. त्यावर धारेलगत दिसणारी लाट कोरलेली. पात्यावरची लांब खाच कशासाठी, तर रक्त वाहून जायला. मूठ सोन्याची. आणि शेवटी, बंदुकीची नळी एका घावात दोन तुकडे. यातली फुगवाफुगवी मी सोडूनही देईन. पण ज्याचं कौतुक व्हायला हवं ते राहून भलत्याचीच आरती चालली आहे.

‘सर्वोत्तम पोलाद’ इथूनच सुरुवात करू. या तलवारीचं पोलाद, तामाहागाने, लोहवाळू आणि कोळसा भट्टीत तीन दिवस-रात्र जाळून निघतं. जपानच्या शिमाने प्रांतात ओकुइझुमोला १९७७ साली पुन्हा पेटवलेली अशी भट्टी आहे. सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खाऊन ती अडीच टनांचा ओबडधोबड गोळा देते, आणि त्यातलं पात्याच्या लायकीचं पोलाद एक टनही भरत नाही. तेही एकसारखं नसतं. कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मध्येच मळी. घडी घालायची ती हा दोष काढायला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानवर राज्य करणाऱ्या तोकुगावा घराण्यासाठी पाती घडवणारा यासुत्सुगु तर पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटावर अभिमानाने कोरायचा की हे परदेशी लोखंड वापरून केलंय. घरचंच पोलाद जगात श्रेष्ठ असतं, तर त्याने ते मिरवलं असतं का?

आता हजार घड्या. घडीची पोळी लाटणाऱ्या कुणालाही विचारा: दर घडीला पदर दुप्पट होतात. दहा घड्यांत १,०२४, पंधरांत ३२,७६८. लोहार साधारण तिथेच थांबतो. सात मिलिमीटर जाडीच्या पात्यात पंचविसाव्या घडीला एक पदर लोखंडाच्या अणूपेक्षाही पातळ व्हायला हवा. पुढच्या नऊशे पंचाहत्तर घड्या कशात घालणार? शिवाय प्रत्येक वेळी तापवताना लोखंड झडतं आणि कार्बन जळतो. हजार वेळा तापवलं तर हाती उरलेल्याची धड विळीसुद्धा होणार नाही.

‘कोरलेली लाट’ वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण या कलेचा जीव तिथेच आहे. लोहार पात्यावर चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी यांचा लेप देतो: पाठीवर जाड, धारेवर पातळ. मग लालबुंद पातं पाण्यात. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. दोन्हींची सीमा म्हणजे ती लाट, हामोन. कडक झालेली धार थोडी फुगते, म्हणून पात्याला बाकही बराचसा याच क्षणी येतो. याच क्षणी पातं तडकूही शकतं, आणि मग सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. स्वस्तातल्या शोभेच्या तलवारींवर ॲसिडने काढलेली लाट असते हे खरं. फोटो बहुधा तसल्याच एकीचा असावा.

खाच असते ती पातं हलकं करायला. कोरीवकाम असतं, पण ते वेगळं: ड्रॅगन, आणि चक्क संस्कृत बीजाक्षरं. सिद्धम् लिपीतली ही अक्षरं बौद्ध देवतांची. त्यांतला फुदो म्योओ म्हणजे आपला अचलनाथ.

बंदुकीच्या नळीवर शब्द वाया घालवत नाही. इतकी कडक धार लोखंडावर आपटली तर तिचेच टवके उडतात. एदो काळात, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीत, तलवारींची परीक्षा मृत्युदंड दिलेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर होई आणि निकाल शेपटावर सोन्याने लिहीत. ती भीषण पद्धत खरी. नळीची गोष्ट नाही.

राहिलं सोनं आणि ‘एकच लोहार’. लोहाराचं काम संपलं की पातं शिकलगाराकडे जातं. तो एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर घासून त्या लाटेला उजेडात आणतो. म्यान करणारा निराळा, ते होनोकी या जपानी मॅग्नोलियाच्या लाकडाचं. मूठ बांधणारा निराळा. ती आतून लाकडी, त्यावर पाकट माशाचं खरखरीत कातडं, वर फितीची वीण. मूठ आणि पात्यामधली चकती, त्सुबा, धातू कोरणाऱ्याची. तिथेही सोन्याचा भपका क्वचितच. पंधराव्या शतकापासून शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांच्या, पदरी असलेल्या गोतो घराण्याची आवडती धातू म्हणजे शाकुदो: तांब्यात शेकडा तीन-पाच भाग सोनं, आणि रसायनात उकळून आणलेला जांभळट काळा रंग. बिदरीचा काळा ज्याने पाहिलाय त्याला ही आवड समजेल. पृष्ठभागावर माशाच्या अंड्यांएवढे ठिपके, प्रत्येक ठिपका पंचाच्या वेगळ्या ठोक्याने, ओळीत. नुसते ठिपके उठवणारे कारागीरही असत.

१८७६ साली तलवार लावून फिरायला बंदी आली आणि या माणसांचं गिऱ्हाईकच गेलं. त्यांतले कितीतरी जण फुलदाण्या, पेट्या घडवून परदेशी पाठवू लागले. कानो नात्सुओने तर त्याआधीच, १८६८ साली आलेल्या मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांचे नमुने कोरले होते. तोही मूळचा तलवारीच्या चकत्या कोरणारा.