४५ पर्यंत थांबू नका
मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीवरच्या लेखात ४५ व्या वर्षापासून कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करा म्हटलंय. सर्वसाधारण लोकांसाठी ठीक, पण ज्या घरात एफएपी हा आनुवंशिक आजार आहे तिथे हा फार उशीर झाला. तो ज्यामुळे होतो तो एपीसी जनुकातला दोष आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी. मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या छोट्या गाठी, होतात. म्हणून तपासणी १०-१२ व्या वर्षीच सुरू करतात. कोथरूडला माझ्या भाच्याची दरवर्षी होते. आदल्या रात्री तो ते पोट साफ करायचं खारट औषध घोट घोट पितो, ताई पाठीवर हात फिरवत बसते, आणि नातेवाईक विचारतात, "त्रास नाही, मग कशाला?" अहो, त्रास नसतानाच करायची असते! आणि मोठं आतडं काढलं तरी ड्युओडेनमची (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची, तिथेही पॉलिप होतात) एंडोस्कोपी चालूच ठेवावी लागते, हेही लेखात यायला हवं होतं.