अमेरिकेने म्हणे कुणाला गुलाम केलं नाही

दर १५ ऑगस्टच्या आगेमागे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. ब्रिटिशांनी जग लुटलं, पण अमेरिकेने कधी कुणाचा देश गिळला नाही, असा त्याचा सूर. पुरावे पुढे दिलेले असतात: स्पेनच्या तावडीतून क्युबा आणि फिलिपिन्स सोडवले; फिलिपिन्ससाठी तर रोख पैसे मोजले; हवाईचे लोक आपणहून सामील झाले; आणि शेवटी सगळ्यांना स्वातंत्र्य देऊनही टाकलं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. यंदा ठरवलं, एकेक मुद्दा धरून उत्तर द्यायचंच.

रोख पैशांपासून सुरू करतो, कारण तो मुद्दा सगळ्यात भाबडा आहे. १८९८मध्ये अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध झालं. १० डिसेंबरला ते संपवणारा तह पॅरिसमध्ये झाला आणि अमेरिकेने फिलिपिन्सचे २ कोटी डॉलर मोजले, हे खरं. पण मोजले कुणाला? स्पेनला. आपल्याकडे गुंठाभर जमीन घेणारासुद्धा आधी विचारतो, सातबारा कुणाच्या नावावर आहे? फिलिपिनो क्रांतिकारकांचा नेता एमिलियो अगिनाल्दो याने १२ जूनलाच काविट इथे फिलिपिन्सचं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्यांचा प्रतिनिधी फेलिपे अगोन्सिलो पॅरिसला जाऊन थांबलाही होता. त्याला बैठकीत बसू दिलं नाही. मालक दाराबाहेर आणि आत खरेदीखतावर सह्या, असा तो व्यवहार.

आता ‘सोडवले’ या शब्दाकडे. १८९८च्या उन्हाळ्यात मनिलाला जमिनीच्या बाजूने वेढा फिलिपिनो सैन्याचा होता, समुद्रात अमेरिकन ॲडमिरल ड्यूईची जहाजं होती आणि इंट्रामुरोस या मनिलाच्या जुन्या तटबंद भागात स्पॅनिश फौज कोंडलेली होती. ड्यूईने बेल्जियमच्या वाणिज्यदूतामार्फत स्पॅनिश गव्हर्नरशी आतून बोलणं लावलं. ठरलं असं की स्पेनची अब्रू राहील इतपत तोफा डागायच्या, मग पांढरं निशाण वर. मात्र फिलिपिनोंना शहरात पाऊल टाकू द्यायचं नाही. १३ ऑगस्टला हे नाटक वठवलं गेलं. त्यात काही माणसं खरीच मेली. गंमत म्हणजे आदल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर सह्या झाल्या होत्या. ती बातमी मनिलाला पोचली नाही, कारण समुद्राखालची तार मे महिन्यात ड्यूईनेच तोडून ठेवली होती. तर असं शहर ‘सुटलं’, आणि ज्यांनी वेढा दिला होता ते बाहेर खंदकात उभे.

पुढचे सहा महिने अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यं एकमेकांकडे बघत बसली. ४ फेब्रुवारी १८९९च्या रात्री मनिलाच्या वेशीवर विल्यम ग्रेसन या नेब्रास्काच्या शिपायाला अंधारात माणसं दिसली. तो ओरडला, ‘हॉल्ट!’ त्याच्याच सांगण्यानुसार समोरून उलट ‘हाल्तो’ असं ऐकू आलं, आणि त्याने गोळी झाडली. त्यातून अमेरिका आणि फिलिपिनो यांच्यात युद्ध पेटलं. दोनच दिवसांनी अमेरिकन सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांशाला लागत होती त्याहून जेमतेम एक मत जास्त.

त्यानंतर जे झालं त्याला त्या मजकुरात एक ओळही नसते. तीन वर्षांहून जास्त चाललेल्या या युद्धात ४,२००हून अधिक अमेरिकन आणि २०,०००वर फिलिपिनो सैनिक मेले. हिंसा, उपासमार आणि रोगराईने गेलेले सामान्य लोक २ लाखांपर्यंत असावेत. हे आकडे खुद्द अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहास विभागाचे आहेत. कैद्यांच्या घशात पाणी ओतून त्यांना बोलतं करण्याच्या छळाबद्दल १९०२मध्ये सिनेटच्या समितीपुढे सैनिकांनी स्वतः साक्षी दिल्या. समार बेटावर जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकाला मारायचा हुकूम सोडला. त्याच्यावर लष्करी खटला चालला. शिक्षा काय, तर ताकीद आणि निवृत्ती. या सगळ्याला सरकारी दप्तरात नाव होतं ‘फिलिपिन्समधलं बंड’. १८५७ला शिपायांचं बंड म्हणणाऱ्यांशी आपण इतकी वर्षं वाद घातला आहे. निदान आपण तरी हा शब्द ओळखायला हवा.

‘पण शाळा काढल्या ना?’ काढल्या. १९०१मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले आणि त्यातले बरेच जण मनापासून शिकवत राहिले. त्यांचं श्रेय त्यांना. पण ‘इंग्रजांनी रेल्वे आणली’ हे ऐकल्यावर आपण जे उत्तर देतो तेच इथेही लागू आहे. गोऱ्या माणसाच्या खांद्यावरच्या ओझ्याची ती प्रसिद्ध कविता आपल्यावर लिहिली आहे असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. कवी किपलिंग जन्मला मुंबईत हे खरं, पण कविता १८९९ची आहे आणि तिच्या उपशीर्षकातच अमेरिका आणि फिलिपिन्सचं नाव आहे.

क्युबाचं प्रकरण जरा वेगळं. युद्धाला निघताना अमेरिकन काँग्रेसने क्युबा घेणार नाही असा ठराव केला होता आणि तो शब्द अक्षरशः पाळलाही. फक्त १९०१मध्ये ‘प्लॅट दुरुस्ती’ पुढे केली: परदेशांशी तह करण्यावर बंधनं, कर्जावर बंधनं, वाटेल तेव्हा हस्तक्षेप करायचा अमेरिकेला हक्क आणि नाविक तळांसाठी जागा. हे राज्यघटनेत घातल्याशिवाय फौज हलणार नव्हती. क्युबाच्या घटनासमितीने १६ विरुद्ध ११ मतांनी मान तुकवली. वसईचा तह वाचलेल्या मराठी माणसाला यात नवीन काय सांगायचं? दुसऱ्या बाजीरावाचीही गादी शाबूतच होती. १९०६मध्ये अमेरिकन फौज परत आली ती १९०९पर्यंत राहिली. ती दुरुस्ती १९३४मध्ये रद्द झाली, पण ग्वांतानामोचा अमेरिकन नाविक तळ राहिला. अमेरिका स्वतः तळ सोडेल किंवा दोन्ही बाजू मान्य करतील तेव्हाच तो करार संपणार. भाड्याचा चेक दरवर्षी निघतो, जेमतेम ४,०८५ डॉलरचा. क्रांतीनंतर क्युबाने १९५९मधला एकच वटवला; बाकीचे तसेच पडून.

हवाई ‘आपणहून’ आलं म्हणणाऱ्यांना एक कागद दाखवावासा वाटतो. जानेवारी १८९३मध्ये साखरेच्या मळ्यांशी आणि व्यापाराशी हितसंबंध असलेल्या तेरा जणांच्या समितीने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, तेव्हा होनोलुलूच्या रस्त्यावर ‘बोस्टन’ या अमेरिकन युद्धनौकेचे १६२ सैनिक उतरलेले होते. अध्यक्ष क्लीव्हलँडने चौकशी लावून हे कृत्य चुकीचं ठरवलं, पण राणीला राज्य परत मिळालं नाही. १८९७मध्ये विलीनीकरणाचा तह सिनेटपुढे आला, तेव्हा तिथल्या लोकांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या २१,०००वर सह्या गोळा केल्या. मूळ हवाईयन लोकसंख्या तेव्हा ४० हजारांच्या घरात. म्हणजे लेकरंबाळं धरून निम्म्याहून जास्त. तहाला दोन तृतीयांश मतं काही जमेनात. मग जुलै १८९८मध्ये साध्या बहुमताचा संयुक्त ठराव करून काम उरकलं. १९९३मध्ये अमेरिकन काँग्रेसने याबद्दल रीतसर माफी मागितली. आपणहून आलेल्या पाहुण्याची शंभर वर्षांनी कोण माफी मागतं?

राहिला ‘स्वातंत्र्य देऊन टाकलं’ हा मुद्दा. फिलिपिन्सला मुदत ठरवून स्वातंत्र्य देणारा कायदा १९३४चा. तो मंदीचा काळ होता. फिलिपिन्सची बिनजकातीची साखर आणि खोबरेल तेल अमेरिकन शेतकऱ्यांना नको होतं, तिथले मजूर कॅलिफोर्नियाला नको होते. त्याच कायद्याने फिलिपिनो स्थलांतरितांची मर्यादा वर्षाला ५० माणसांवर आणली. ४ जुलै १९४६ला झेंडा बदलला, आणि अमेरिकनांना खाणी-जंगलांवर फिलिपिनोंइतकाच हक्क मिळावा म्हणून नव्या देशाला आपली घटना बदलावी लागली.

हे लिहिलं की अमेरिकाद्वेष्टा असा शेरा येतो. माझी पुतणी न्यू जर्सीत आहे आणि मला तो देश आवडतो. या साम्राज्याविरुद्ध १८९८मध्येच बोस्टनमध्ये संघटना उभी राहिली होती. लेखक मार्क ट्वेन आणि उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी तिच्यात होते. त्यांना काय म्हणणार?

आणि ‘जुन्या गोष्टी उकरू नका’ म्हणणाऱ्यांसाठी कॅरिबियन समुद्रातलं पोर्तो रिको बेट. तेही १८९८मध्येच स्पेनकडून घेतलं. डाऊन्स नावाच्या व्यापाऱ्याने तिथली संत्री न्यूयॉर्कला आणली, तेव्हा त्याच्याकडून ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली गेली. तो कोर्टात गेला: बेट अमेरिकेचं, मग देशातल्या देशात जकात कसली? १९०१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती व्हाइट यांच्या मते पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचं होतं, पण देशांतर्गत अर्थाने परकं. १९१७मध्ये तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळालं. आज तिथे ३२ लाखांच्या आसपास माणसं राहतात. फ्लोरिडात बिऱ्हाड हलवलं तर ती राष्ट्राध्यक्ष निवडायला मत देऊ शकतात, आपल्या घरी राहून नाही. डाऊन्सला जकात परत मिळाली नाही, आणि तो निकाल अजून रद्द झालेला नाही.