दरवर्षी सीए-१२५ करून काय साधतं?

‘प्रत्येक स्त्रीने दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी. अंडाशयाचा कॅन्सर वेळेत कळतो, जीव वाचतो. पॅप स्मिअरमध्ये तो दिसत नाही. डॉक्टर हे सांगत नाहीत.’ हा फॉरवर्ड काळजीपोटीच पाठवला जातो, पण त्यातलं पॅप स्मिअरचं वाक्य तेवढं खरं आहे. ती तपासणी गर्भाशयमुखाची.

‘वेळेत कळतो’? सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रथिन; पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते वाढलेलंच नसतं. उलट पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, यकृताचे आजार यांतही ते ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या वर जाऊ शकतं.

‘जीव वाचतो’ हा खरा मुद्दा. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या, ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हेच तपासलं गेलं. एका गटाची दरवर्षी सीए-१२५, दुसऱ्याची सोनोग्राफी, तिसऱ्याची काहीच नाही. रक्ततपासणीत नुसता एक आकडा नव्हे, तर त्याचा वर्षागणिक चढउतार पाहिला. २०२१ साली निकाल आला: सीए-१२५च्या गटात सुरुवातीच्या स्टेजचे कॅन्सर जास्त सापडले, तरी अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या दोन्ही गटांत कमी झाले नाहीत. लवकर सापडला म्हणजे वाचलो, हे आपण गृहीतच धरतो. मलाही हा निकाल पचायला वेळ लागला.

‘करून बघायला काय जातं?’ असं कुणी म्हणेलच. अमेरिकेतल्या अशाच चाचणीत (निकाल २०११) ३,२८५ जणींना कॅन्सर नसताना संशयित ठरवलं गेलं. त्यांतल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि त्यांपैकी १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत झाली.

डॉक्टर लपवतात म्हणावं, तर अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१८ साली जाहीरच सांगितलं आहे की, लक्षणं नसलेल्या आणि आनुवंशिक धोका नसलेल्या स्त्रियांनी ही तपासणी करू नये.

आनुवंशिक धोका असेल तर गोष्ट वेगळी. बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींना ऐंशीपर्यंत हा कॅन्सर होतो, बीआरसीए-२मध्ये सुमारे १७ जणींना. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. दोष निघाला, तर मुलं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. त्याची जागा दरवर्षीची रक्ततपासणी घेऊ शकत नाही.

आणि पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं हे नव्यानं सुरू होऊन आठवड्यांमागून आठवडे टिकलं, तर वाट पाहू नका. तेव्हा डॉक्टरांनी सीए-१२५ आणि सोनोग्राफी सांगितली तर जरूर करा. ते स्क्रीनिंग (लक्षणं नसताना केलेली तपासणी) नव्हे, निदान आहे.