'ताण घेऊ नये' हे वाक्य मी काढून टाकलं आहे

ताई, तुमची सून सातव्या महिन्यात आहे आणि गरोदरपणातला ताण व बाळाचा मेंदू यांवरचा माझा लेख वाचून ती रात्रभर झोपली नाही, असं तुम्ही लिहिलंत. पुढे म्हणालात, "आमच्या आज्या दिवस भरेपर्यंत भात लावत होत्या, त्यांची मुलं काय मंद निघाली? आता बाई रडली तरी बाळाचा मेंदू बिघडवल्याचा ठपका तिच्यावरच."

ठपक्याचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं आहे. 'गरोदरपणी आईने ताण घेऊ नये' असं मी लिहिलं होतं, जणू ताण ती हौसेने घेते. ते वाक्य मी काढलं आहे. तिला झोप लागली नाही याबद्दल मनापासून माफी मागते.

आज्यांचं मात्र मला पटत नाही. माझ्या आजीची आठ बाळंतपणं झाली, जगली पाच. आपण मोजतो ते त्या पाचांनाच.

आता मुद्द्याचं. जानेवारी 1998 मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात बर्फाचं वादळ झालं. विजेचे मनोरे कोसळले, ऐन थंडीत लाखो घरं अंधारात गेली, काही तर महिन्याहून जास्त. संशोधक सुझान किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या गरोदर बायका गाठल्या आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. प्रत्यक्ष हाल किती झाले, म्हणजे वीज किती दिवस नव्हती, घर सोडावं लागलं का. आणि बाईच्या मनाला त्याचा त्रास किती झाला. मुलं साडेपाच वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्या आयांचे हाल फार झाले होते त्यांचे बुद्ध्यांकाचे आणि भाषेचे गुण सरासरीने कमी निघाले. आईला किती त्रास वाटला, याच्याशी त्या गुणांचा तसा संबंध दिसला नाही.

म्हणून सुनेला एवढं नक्की सांगा, की एका रात्रीच्या रडण्याने बाळाचा मेंदू बिघडत नाही. आईच्या रक्तातल्या कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचा, बराचसा भाग वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव, निकामी करते. काळजी करायची ती महिनोन् महिने चालणाऱ्या हालांची आणि उदासीची.

ते हाल कुठून येतात? गोव्यात झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या बायकांपैकी 78 टक्के गरोदरपणीच मनाने खचलेल्या होत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, मुलगी झाली हेही होतं. यातलं काय त्या बाईने 'प्रसन्न राहून' टाळायचं होतं? डोहाळजेवणाला आपण हिरवी साडी नेसवून तिला झोपाळ्यावर बसवतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचे हंडे कोण उचलतं, हे मी लेखात विचारायला हवं होतं.

मदतीने फरक पडतो, हेही ठाऊक आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, आपल्या आशाताईंसारख्या आरोग्यसेविका नैराश्यातल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन ठरलेल्या पद्धतीने बोलत राहिल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यापैकी 23 टक्के बायका नैराश्यात होत्या. साध्या गृहभेटी मिळालेल्यांत 53 टक्के.

सुधारलेला लेख आधी तुम्ही वाचा, मग वाटलं तर सुनेला द्या. झोप न लागणं किंवा उदास वाटणं दोन आठवड्यांवर गेलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पहिल्यांदा फोन लावताना तिच्याजवळ बसा.